डाव्या कुशीतलं दुखणं

१

बाबांच्या मरणाला शवविच्छेदनाच्या अहवालात साडेचार ओळी मिळाल्या होत्या.

प्लीहा फुटून पोटात रक्तस्राव. डावीकडची नववी आणि दहावी बरगडी चिरलेली. तिथेच कातडीवर चार बोटं रुंद, दोन बोटं उंच, सरळ कडांचा डाग. रंगावरून आठ ते दहा दिवसांपूर्वीचा. जड, बोथट वस्तूचा जोरदार आघात.

तिने त्या ओळी तीनदा वाचल्या. वाचणं हाच तिचा धंदा होता. जाड पुस्तकांच्या शेवटी सूची असते, कोणता विषय कोणकोणत्या पानांवर आला ते सांगणारी. ती तयार करून ती पोट भरत असे. लेखकाने एकच गोष्ट सात ठिकाणी सात नावांनी लिहिलेली असली, तरी ती हुडकून एका नोंदीखाली आणायची. बाबा सुतार. दोन्ही मुलांची नावं त्यांनी आपल्या हत्यारांवरून पाडली होती. थोरला रंधा, कारण तो कुठेही गेला की सगळं गुळगुळीत करून यायचा. ती काटकोन, कोपरा सरळ आहे का ते तपासायचं हत्यार. तिच्या नावाचं कारण कुणी कधी विचारलं नाही.

"म्हणजे कुणीतरी मारलं," ती म्हणाली.

"कशाने तरी लागलं, एवढंच कागद म्हणतो," टेबलापलीकडचा तपास अधिकारी म्हणाला. "मारलं का, कुणी मारलं, ते घरच्यांकडून कळतं. वडिलांबरोबर कोण राहायचं?"

"माझा भाऊ. खाली वर्कशॉप, वर दोन खोल्या."

"पटायचं दोघांचं?"

तिने अहवालाची घडी घातली. अधिकाऱ्याने काही लिहिलं नाही, पण पेनाचं टोपण काढून ठेवलं.

"त्याचं काय म्हणणं आहे?"

"हॉस्पिटलात म्हणाला, गॅस झाला होता."

"गॅसने बरगड्या चिरत नाहीत." त्याने एक खाकी पाकीट पुढे सरकवलं. "उद्या अकराला जबाब द्यायला या. त्यात एक रकाना असतो, संशय कोणावर. रिकामा ठेवता येतो. पण एकदा नाव लिहिलंत की मी त्या माणसाला उचलणार. मग चुकलं म्हणून ते खोडता येत नाही."

बाहेरच्या बाकावर बसून तिने पाकीट मांडीवर उपडं केलं. बाबांच्या खिशातलं सामान. रोज सकाळी ते कालच्या सदऱ्यातलं सगळं आजच्या सदऱ्यात भरायचे, त्यातलं अर्धं कशाला लागतं ते त्यांनाच ठाऊक. सहा इंची पोलादी मोजपट्टी. सुतारी चपटी पेन्सिल, चावलेली. दोन बोल्ट, चकत्यांसकट. आणि चष्मा. चष्म्याची डावी काच लखलखीत होती. उजवीवर लाकडाच्या भुशाचा थर, त्यात अंगठ्याचा जुना ठसा. तिचा हात पदराकडे गेला. मग तिने चष्मा न पुसताच पाकिटात ठेवला.

उद्या अकरा. रकान्यात लिहिण्यासारखं नाव तिच्याजवळ एकच होतं, आणि ते तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

२

वर्कशॉपच्या मागच्या खोलीत पॉलिशकाका कपाटाच्या दारावर तिसरा हात मारत होते. वीस वर्षं ते बाबांच्या लाकडाला चमक आणत होते, नाकाला फडकं बांधून आणि कानाशी रेडिओ लावून. तिला बघून त्यांनी फडकं खाली ओढलं.

"बस. त्या स्टुलावर नको, ओलं आहे."

"काका, बाबांचं आणि दादाचं भांडण झालं होतं?"

"कधी झालं नव्हतं ते विचार."

"शेवटचं कधी झालं?"

काकांनी ब्रश डब्याच्या कडेला निपटला, दोनदा, तीनदा. "मागच्या आठवड्यातल्या सोमवारी. दादा म्हणाला, 'बाबा, पुन्हा मशीनजवळ दिसलात तर माझ्यासारखा वाईट कोणी नाही.' हे मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नकोस."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, 'तू रांगत होतास तेव्हापासून हे मशीन मला ओळखतं.' ते काय हार जाणार?"

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी दादा टेबल पोचवायला गेला होता म्हणे. कधी गेला ते मी पाहिलं नाही, मी इथे मागे. दुपारी पुढून धप्पकन आवाज आला. मी इथूनच ओरडलो, काय पडलं? बाबा म्हणाले, स्टूल." त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "मी उठलो नाही. मध्येच ब्रश सोडला की रेघ उमटते ना. दुसऱ्या दिवशी वाकताना कळवळले. म्हणाले, बरगडीखाली उसण भरली आहे. शेक घ्या म्हटलं."

"दादाला माहीत होतं?"

"या मंगळवारी त्याने माझ्यासमोरच विचारलं, बाबा, तोंड का उतरलंय? म्हणाले, गॅस. दादाने मला लगेच सोडा आणायला पिटाळलं."

"तुम्हाला उसण आणि त्याला गॅस?"

"दोन्ही असेल. या वयात दुखण्यांना रांग लावायची शिस्त नसते."

ती पुढच्या खोलीत आली. मधोमध करवतीचं टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं गोल पातं, आता थंड. समोर उभं राहायची रबरी चटई सरकलेली दिसत होती. डावीकडे तिच्या मूळ जागी फरशीवर फिकट चौकोन उरला होता. मागच्या भिंतीला जुने टवके होते, लहानपणापासून बघितलेले, आता धुळीने भरलेले. नवा एकही नाही. सगळं जिथल्या तिथे.

सगळं नाही. पात्याच्या मागे एक पातळ लोखंडी पट्टी उभी असायची, तळहाताएवढी. बाबा तिला पाठराखीण म्हणत. ती जागेवर नसेल तर मशीनचं बटणसुद्धा दाबायचं नाही, हा त्या घरातला पहिला कायदा.

पात्यामागची जागा रिकामी होती.

३

आत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. पस्तीस वर्षं वॉर्डात नर्स होती. निवृत्त झाल्यावरही घरातल्या चादरींचे कोपरे ती हॉस्पिटलातल्यासारखेच मुडपायची. अहवाल तिने उभ्या उभ्या वाचला आणि मग बसली.

"प्लीहा म्हणजे इथे," तिने डाव्या बरगड्यांखाली हात ठेवला. "मऊ असते, वरून पातळ वेष्टन. मार बसला की कधी ती लगेच फुटत नाही. वेष्टनाच्या आत रक्त साठत जातं. माणूस चालतो, बोलतो, जेवतो. आणि आठ-दहा दिवसांनी एका सकाळी वेष्टन फाटतं."

"बाबा तुला काही बोलले होते?"

"शुक्रवारी फोन केला होता भाऊने. कंबरेत दुखतंय म्हणाला, मागे, डावीकडे. खडा असेल का, असं त्यानेच विचारलं. मी म्हटलं, असेल. पाणी पी भरपूर." तिने चादर ओढून घडी घालायला घेतली. "पोटाच्या एका बाजूला दुखतं म्हटलं तर दहा कारणं असतात, पोरी. मूतखडा असतो. आतड्याला सूज असते. कोठा साफ नसतो. नागीण उठायची असते, तेव्हा पुरळ दिसायच्या आधी चार दिवस नुसतंच दुखतं. साधा स्नायू धरतो. मी प्रत्येक पेशंटला दहाच्या दहा विचारायची. सख्ख्या भावाला एक विचारलं आणि फोन ठेवला, कारण गॅसवर दूध होतं."

"मार लागलाय का, असं विचारलं होतंस?"

"नाही. त्याला कोण मारणार?" घडी अर्ध्यावर थांबली. "घरात दुसरं कोण होतं ते मी तुला सांगायला नको. मी काही म्हणत नाही. पण हॉस्पिटलात रंधाने तो डाग बघितला होता, माझ्याआधी. आणि मी आत आले तेव्हा त्याने सदरा खाली ओढला."

४

दादा बाहेर गेलेला होता. तिने वरच्या खोलीत त्याचं कपाट उघडलं, आणि उघडताना आपण चोरासारखं पाऊल टाकतोय हे तिच्या लक्षात आलं. तिसऱ्या कप्प्यात, हिवाळी बंडीत गुंडाळलेली, लोखंडी पट्टी होती.

"सापडली?"

तो दारात उभा होता. हातात पावाची पिशवी. गेल्या तीन दिवसांत त्याने दाढी केली नव्हती.

"दादा, ही इथे का आहे?"

तो पिशवी खाली ठेवून खाटेच्या कडेला बसला. "मला वाटलंच तू येशील. तू लहानपणीसुद्धा माझी दप्तरं तपासायचीस."

"ही इथे का आहे?"

"कारण मी मारलं त्यांना," दादा म्हणाला.

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने पट्टी खाली ठेवली.

"कसं?"

"सोमवारी मी ड्रॉवरच्या फळ्यांना खाचा पाडल्या. खाच पाडायची तर पाठराखीण काढावीच लागते, तुला माहीत आहे, लाकूड आरपार चिरत नाही, मग ते पट्टीला अडतं. संध्याकाळी मी ती परत बसवली." त्याने पट्टीकडे पाहिलं. "बसवली असं वाटतं. मंगळवारी टेबल पोचवून परत आलो तर ही मशीनशेजारच्या मांडणीवर पडलेली. बोल्ट गायब. म्हणजे बसवलीच नव्हती. आदल्याच दिवशी बाबांना मशीनवरून एवढं बोललो होतो, आणि स्वतः हे करून ठेवलं. त्यांना कळायच्या आत उचलून वर आणली. म्हटलं, बोल्ट आणू आणि गुपचूप लावून टाकू. मग पॉलिशची कामं निघाली, मशीन कुणी चालवलं नाही, मी विसरलो."

"आणि डाग?"

"तो डाग मी ओळखतो, काटकोन. फळीचं टोक आहे ते. पाठराखीण नसली की चिरलेलं लाकूड मागून आवळतं, पातं फळी धरतं आणि सरळ मागे भिरकावतं. हॉस्पिटलात सदरा वर केला आणि मला कळलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "पण एक गोष्ट बसत नाही. बाबा कधीच पात्याच्या रेषेत उभे राहायचे नाहीत. डावीकडे, हातभर बाजूला. चाळीस वर्षं. फळी उडाली तरी भिंतीवर जायची. भिंतीला तेवढे टवके आहेत ते काय आहेत? म्हणून रोज सकाळी वाटतं, मशीन नव्हतंच, दुसऱ्या कुणीतरी मारलं. आणि रोज दुपारी वाटतं, मीच मारलं."

"अधिकाऱ्याला का नाही सांगितलंस?"

"तू का नाही विचारलंस? तीन दिवस या घरात आहेस. पाणी देतेस, चहा देतेस आणि माझ्याकडे चुकीचं पान लागल्यासारखी बघतेस."

त्याची गोष्ट खरी असू शकत होती. आणि खून केलेल्या माणसाने इतके दिवस विचार करून रचावी, इतकी ती नीटही होती.

५

सकाळी साडेसातला ती खालच्या खोलीत बाबांच्या कामाच्या बाकावर बसली आणि नेहमीची छोटी कार्डं काढली. हातांना तेवढंच येत होतं.

दुखणं, बाबांचं. बुधवारी, पॉलिशकाका: बरगडीखाली, उसण. शुक्रवारी, आत्या: कंबरेत मागे, खडा. पुढच्या मंगळवारी, दादा: पोटात, गॅस.

मध्ये रविवार रिकामा होता. तिने चौथं कार्ड घेतलं आणि ते बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

रविवारी त्यांनी तिला फोन केला होता. ती मुद्रितं तपासत होती, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरून. बाबा म्हणाले, डावा खांदा दुखतोय गं. ती म्हणाली, उशी बदला. मग म्हणाली, नाहीतर खांदाच बदलून मिळतो का बघा. ते हसले, आणि हसू मध्येच तुटलं, श्वास अडकल्यासारखं. तिला वाटलं, फोन तुटला.

तिने आत्याला फोन लावला आणि चारही कार्डं वाचून दाखवली.

"खांदा?" आत्या म्हणाली. "डावा?"

"हो."

आत्या खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. "आतल्या आत रक्त झिरपायला लागलं की फुप्फुसांखालच्या श्वासपटलाला चुरचुरतं, आणि ते दुखणं माणसाला खांद्यात जाणवतं. बरगडीवर मार आणि डावा खांदा, एवढं जरी मला एका दमात कुणी सांगितलं असतं ना, तर मी त्याला गचांडी धरून हॉस्पिटलात नेलं असतं. रविवार म्हणजे चार दिवस हातात होते."

"म्हणूनच एका दमात सांगितलं नाही, आत्या. एकच दुखणं चौघांत वाटलं. प्रत्येकाला एकेक तुकडा, आणि सोबत त्याचं कारणही तयार."

"पण का?"

हा प्रश्न सूचीचा होता, आणि अशा प्रश्नांवर ती दिवसचे दिवस बसत आली होती. ती कार्डं बाकावर सरकवत राहिली. ज्याला मारहाण झाली तो लपवतो, हे खरं. मुलाने मारलं तर बाप गावापासून लपवतो. पण मुलापासून काय लपवणार? ज्याने बरगडीवर घाव घातला, त्यालाच कुणी गॅस झालाय असं सांगत नाही. आणि हे दादाच्या तोंडचं नव्हतं. पॉलिशकाका तिथे उभे होते, सोडा आणायला तेच गेले होते. तिथे रिकामं नाटक करायला बापलेकांना काही कारण नव्हतं. बाबांनी चौघांनाही फसवलं होतं. म्हणजे चौघांपैकी कुणालाच मंगळवारचं ठाऊक नव्हतं. जे लपवायचं होतं ते कुणा दुसऱ्याचं नव्हतंच.

तिने खाकी पाकीट ओढलं आणि चष्मा बाहेर काढला.

डावी काच स्वच्छ. उजवीवर भुसा, महिनोन् महिन्यांचा. दिवसातून दहादा सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसणारा माणूस अर्धाच का पुसेल? ज्या काचेतून दिसतच नाही, ती पुसायची आठवण होत नाही म्हणून.

उजवा डोळा गेलेला. डावीकडे उभं राहिलं की पातं आणि लाकूड, सगळं उजव्या हाताला येतं. ते त्यांना दिसेना झालं असणार. म्हणून त्यांनी चटई ओढली, हातभर उजवीकडे, आणि चांगला डोळा कामावर आणला. तिथे उभं राहिलं की माणूस बरोबर रेषेत येतो.

"दादा," तिने जिन्याखालून हाक मारली. "खाली ये. पाठराखीण घेऊन ये."

तो आला. तिने त्याला फरशीवरचा फिकट चौकोन दाखवला, मग चटई, मग चष्मा. तो चष्मा नाकाशी धरून बघत राहिला.

"मध्यंतरी चहा कपाबाहेर ओतत होते," तो हळूच म्हणाला. "मी ओरडलो, लक्ष कुठे आहे. मशीनजवळ जाऊ नका म्हणायचो ते वयामुळे. डोळा मला माहीतच नव्हता."

"तुला कळला असता तर?"

"मशीन त्याच दिवशी विकलं असतं."

"ते त्यांनाही माहीत होतं."

टाकाऊ लाकडाच्या ढिगाऱ्यात फळी सापडायला दहा मिनिटं लागली. टोक चार बोटं रुंद, दोन बोटं जाड. अंगावर कोयत्यासारखा वळलेला काळपट ओरखडा, पात्याने धरून भिरकावल्याचा. आणि त्याच ढिगात आखूड तुकडा, त्यावर खाच. दादाने तो उजेडात वळवून पाहिला.

"ही खाच माझी नाही. मी पेन्सिलची रेघ लाकडावर शिल्लक ठेवतो, ते ती करवतीत खाऊन टाकायचे. ही बाबांची आहे." तरी त्याने तुकडा खाली ठेवला नाही. "म्हणजे त्यांनीही खाच पाडली. पण पट्टी मी आधीच काढलेली असेल तर? बोल्ट मी कुठे टाकले, तेच आठवत नाही गं."

"काढलेले बोल्ट तू कुठे ठेवतोस?"

"त्या पत्र्याच्या डब्यात. नेहमीच."

"आणि बाबा?"

दादा उत्तर देणार होता, तेवढ्यात तिने पाकीट त्याच्या तळहातावर उपडं केलं.

दोन बोल्ट, चकत्यांसकट. खिशातले.

दादाने गुडघ्यांवर बसून पट्टी पात्यामागे धरली आणि बोल्ट घातले. दोन्ही पहिल्याच फेऱ्यात बसले. तू बसवली होतीस, हे तिला म्हणावं लागलं नाही. सोमवारी त्याने बसवली, मंगळवारी बाबांनी एका खाचेसाठी काढली, आणि मग एक फळी चिरायची राहिली होती. एकच, त्यासाठी पुन्हा कुठे बोल्ट आवळा. चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट त्यांनी स्वतःला एकदा माफ केली.

"पण नंतर परत का नाही लावली?" दादा म्हणाला. "नऊ दिवस बोल्ट खिशात घेऊन फिरले."

"पट्टी कुठे होती?"

पट्टी त्याच्या कपाटात होती, बंडीत. बाबा येऊन मांडणी चाचपून गेले असतील. बोल्ट त्यांच्याजवळ, पट्टी ह्याच्याजवळ, आणि एकाच जेवणाच्या टेबलाशी बसून दोघंही एकमेकांना काही विचारू शकत नव्हते.

६

अकराला पाच मिनिटं असताना ती अधिकाऱ्यासमोर बसली. दादा शेजारी. फळी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली. तिने सगळं क्रमाने सांगितलं. अधिकाऱ्याने दोनदा थांबवलं, एकदा चष्म्याच्या काचेवरून स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. मशीन बघायला माणूस पाठवतो म्हणाला. मग त्याने रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे?"

तिने "कोणावरही नाही" असं लिहिलं. कालच्या दुपारी त्या जागी दुसरं नाव तिने मनात दोन वेळा लिहून पाहिलं होतं.

परत येताना चौकात सिग्नलला ती म्हणाली, "काल मी तुझं नाव लिहिणार होते."

"मला माहीत होतं," दादा म्हणाला. "मीही लिहिलं असतं, माझंच."

वर्कशॉपच्या पायरीवर त्याने फळी खाली ठेवली, आणि ठेवताना उजव्या हाताने डावं मनगट दाबलं, चेहरा किंचित आवळून.

"काय झालं?"

"काही नाही."

ती पायरीवर बसली आणि पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं.

"काही नाही ते नेमकं कुठे दुखतंय?" ती म्हणाली. "कधीपासून? सगळं सांग. मला वेळ आहे."